देवाचा धूर

अख्ख्या वेल्हे तालुक्याच्या हवेवर मालकी सांगणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमच्या यंत्राचे घरमालक. गुंजवण्यात त्यांच्या गच्चीवर आमचं यंत्र उभं आहे. सूर्याकडे टक लावून पाहायचं आणि मधल्या हवेत धूळ किती, धूर किती ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. पण एकाच जागेवरून, वर्षानुवर्षं, खंड न पाडता. अनेक संस्था मिळून ते चालवतात, नोंदी सगळ्यांच्या सामाईक. मी भोरहून मोटारसायकलवर जाऊन त्याची काच पुसणारा, नोंदी पुढे धाडणारा माणूस. मालकांचा मात्र ठाम समज, की यंत्र त्यांच्याकडे राहायला आलंय आणि मी त्याचा कुणीतरी लांबचा नातेवाईक.

पावसाचा थेंब पडला की हे यंत्र मान खाली घालून बसतं. काच भिजू नये म्हणून तशी सोयच आहे. पण मालकांचा फोन ठरलेला. "सायेब, मान टाकलीया त्यानं. काल तुमी काय बोलला का त्याला?"

"पाऊस असेल, मालक."

"पाऊस हायेच. पर तरी ईचारलं."

उन्हाळ्यात तर त्यांना बघवत नसे. भाताच्या रोपांसाठी लोक वावरात पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, म्हणजे राब करतात. मालक काठी घेऊन बांधावर हजर. "आगं, इझव ते! मशिन खोकतंय!"

शेजारीण कसली ऐकते. "मंग काढा पाजा की त्याला, आबा! आमी भात लावायचा न्हाई व्हय?"

मी त्यांना समजावलं, की हा धूर आपल्याला हवाच आहे, तोच तर मोजायचाय. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "म्हंजे शेजारपाजाऱ्यांच्या खोड्या मोजाया ठेवलंय व्हय तुमी ह्याला?"

आणि हाच माणूस खंडेनवमीला स्वतः धूर करायचा! एसटीवर ड्रायव्हर होते ते. हार घातल्याशिवाय नवमीला गाडी काढली नाही कधी. निवृत्त झाल्यावर गाडी गेली, यंत्र आलं. त्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि मग धुपाटण्यात भरपूर ऊद टाकून थेट तोंडासमोर धूर. नोंदीच्या आलेखात एकदम मनोरा उभा. दूरच्या एका संस्थेतल्या मॅडम दर वर्षी फोन करायच्या, "तुमच्याकडे जंगल पेटलंय का?" मी ओशाळून सांगायचो, "पूजा आहे." आणि ते बिंदू काढून टाकायचो.

"राबाचा चालतो, मंग देवाचा धूर का न्हाई?"

"राबाचा सगळ्या खोऱ्यात पसरतो, मालक. तुमचा नुसता काचेपुढे असतो."

"मंग वाईच लांब धरतो," म्हणून ते धुपाटणं वीतभर मागे घ्यायचे.

मी चिडायचो. मुळात कमी बोलणारा मी, चिडलो की दोनच शब्द बोलतो, आणि ते लागतात. मालकांना लागत असावेत. ते यंत्राकडे बघून म्हणायचे, "तू नको मनावर घेऊ."

यंदा पावसाळ्यात ते जिन्यावरून पडले. मुलानं पुण्याला फ्लॅटवर नेलं. निघताना गाडीत बसून त्यांनी गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. "नवमीला त्याला तसंच ठिवू नका." मी नुसतं हं म्हटलं. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं.

त्यानंतर जातो तेव्हा गच्ची फार शांत वाटते. यंत्राशी कुणी बोलत नाही, की मला कुणी जाब विचारत नाही. पाऊस आला, त्यानं मान खाली घातली, आणि माझा फोन वाजलाच नाही. मी मात्र तो दोनदा खिशातून काढून पाहिला.

नवमीला सकाळी हार घेऊन गेलो. धुपाटणं कोनाड्यात होतं, निखारा नव्हता. कुंपणापलीकडून शेजारणीनंच पुढे केला. "न्या. खोकला आला त्याला तर माज्यावर घालू नका."

आता स्पष्टच सांगतो. एवढ्या जणांच्या सामाईक नोंदीत मी जाणूनबुजून धूर सोडला. धुपाटणं लांबही धरलं नाही. वर्षानुवर्षं ज्यांचा मनोरा मी पुसत आलो, त्यांच्याशिवायची सपाट रेघ मला बघवणार नव्हती.

दुपारी मॅडमचा फोन आला. "मालक परत आले का हो?" आवाजात आनंद होता.

"नाही. मीच होतो."



"काढावे लागतील ते बिंदू."

"काढतो."

"आज राहू द्या," त्या म्हणाल्या. "उद्या काढा."