गोफण आधी फिरवावी लागते

कुमुद मॅडमशी माझी ओळख झाली ती चिकलठाण्यातल्या त्यांच्या ऑफिसात, मुलाखतीला गेलो तेव्हा. मी सिल्लोडहून इस्त्रीचा शर्ट घालून, प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून आलेला. मॅडमनी फाईलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हातात मोबाईल दिला आणि त्यांनी बनवलेला लढाईचा खेळ खेळायला सांगितलं. मी सारखा मरत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, राग नेमका कुठं आला? मी चिडलेलोच होतो, सगळं भडाभडा बोललो. त्या म्हणाल्या, सोमवारपासून या.

आज मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकवत होत्या. ती पक्की नोकरी सोडून त्यांनी मोबाईलवरचे खेळ बनवायला घेतले, तेव्हा नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. मॅडमनी कुणाशी वाद घातला नाही. वाद त्या फक्त आमच्याशी घालतात, आणि तोही मनसोक्त.

आमच्या खेळात एका वेळी पुष्कळ जण ऑनलाइन उतरतात आणि जुन्या दख्खनी हत्यारांनी एकमेकांशी लढतात. मागच्या वर्षी तो बंद पडायच्या बेतात आला, तो गोफणीपायी. बटण दाबलं की दगड सुटायचा, लांबवर जायचा आणि समोरचा आडवा. दांडपट्टा शिकण्यात महिने घालवलेले खेळाडू कालच आलेल्याच्या दगडानं मरायचे, वैतागायचे आणि निघून जायचे. पैसे लावणाऱ्या मंडळींनी स्पष्टच सांगितलं, पुढच्या बदलानं खेळाडू परतले नाहीत तर सर्व्हर बंद. म्हणजे आम्ही सगळेच घरी. तिकडं माझे वडील फोनवर म्हणत होते, लई झालं खेळणं, ये आता मक्याच्या आडतीवर.

त्यांच्याबरोबरच्या बैठकीत चूक कुणाची, असा प्रश्न निघाला. हत्यारांची ताकद आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवली होती, पण मॅडमनी ‘माझी’ म्हणून विषय संपवला. बाहेर आल्यावर मात्र आम्हाला चांगलंच झापलं. खेळून खेळून आमचे हात बसलेले, त्यामुळं अवघड दांडपट्टा आम्हाला सोपा वाटला आणि आम्ही त्याचा वार हलका केला. गोफण पोरखेळ वाटली म्हणून तिला मात्र वाट्टेल तेवढी ताकद देऊन बसलो. मॅडमचं म्हणणं खरं होतं.

मग गोफणीची ताकद कमी करू, असा आमचा एकमुखी ठराव. मॅडम कन्नडकडच्या शेतकरी घरातल्या, लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकललेल्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“गोफण आधी फिरवावी लागती, बाबांनो. तुमची नुसतीच सुटतीय.”

झालं, कामाला लागलो. आता बटण दाबून धरायचं, गोफण फिरू द्यायची आणि नेमक्या क्षणी सोडायची. घाईनं सोडली तर दगड जवळच पडणार, समोरच्याला नुसता ओरखडा. नव्या माणसाला सुरुवातीला तेवढं पुरे. साधली तर तीच जुनी ताकद. दांडपट्ट्याचा वारही पहिल्यासारखा केला.

बदल खेळाडूंपर्यंत पोचला आणि आम्हाला सडकून शिव्या पडल्या. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. मॅडम पडद्यावर एका नव्या खेळाडूकडे बघत बसल्या होत्या. त्याचे दगड भलतीकडंच जात होते. मेला, परत आला, पुन्हा मेला. मग लढाई सोडून तो सरावाच्या मैदानात गेला आणि एकटाच गोफण फिरवत राहिला. मॅडमनी मला बोलावून दाखवलं.

“हात बसवतोय तो,” त्या म्हणाल्या. “आता नाय जाणार.”

तो गेला नाही. रुसलेले जुनेही हळूहळू परतले. सर्व्हर चालू राहणार असा निरोप आला, तेव्हा आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. मॅडम मात्र खुर्चीत मागं टेकून डोळे मिटून बसल्या. आमच्यापेक्षा त्याच जास्त घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मॅडम, तुमचे गुडघे, डोळे आणि मुख्य म्हणजे आवाज असाच ठणठणीत राहो. आम्हाला अजून खूप वर्षं झापा. सर्व्हर वाचला त्या संध्याकाळी मी वडिलांना फोन करून सांगितलं, येत नाही, इथं काम आहे. ते म्हणाले, “तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग.” तो सांगायचा राहून गेला होता. आज सांगतो.