मेलं कोण, असं विचारणाऱ्या वकीलबाई

वकीलबाईंना विशेषणांचा भारी राग. भोईवाड्यात आमच्या चाळीच्या मंडळाच्या खोलीत त्या पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलांच्या मदतनिसाचं काम शिकणाऱ्या मुलांचा वर्ग घ्यायच्या. मीही त्यात होते. पहिल्याच दिवशी मी माझं ‘खुनी मालक!’ हे पत्रक त्यांच्यापुढे आपटलं. बाईंनी चष्मा वर केला. “मेलं कोण?”

“कोणी नाही. गॅलरीचा कठडा तुटून सुरेखाकाकू पडल्या. हात मोडला.”

“मग खुनी कसा? बस खाली.”

अपकृत्याच्या, म्हणजे दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने झालेल्या नुकसानीच्या कायद्याची उजळणी त्या दरवेळी चारच प्रश्नांनी करत. काळजी घ्यायची जबाबदारी कोणाची? ती कुठे चुकली? इजा त्यामुळेच झाली का? नुकसान काय? मधेच कोणी तावातावाने बोललं की म्हणत, “चिडून झालं? आता उत्तर दे.”

काकू डबे करून घर चालवायच्या. भरपाई मिळाली नसती तर चूल बंदच. मालक म्हणे, कठडा धड होता, बाईच वाकली! आम्ही म्हटलं, गंजलेला कठडाच दाखवू. पण दाखवणार काय? गणपती तोंडावर आले म्हणून मंडळाने श्रमदान केलं, गॅलरी लख्ख केली आणि कठडा भंगारात घातला. पुरावा आमच्याच हातांनी गेला.

बाई ओरडल्या नाहीत. “गंज बघितलेली माणसं भंगारात नाही ना घातलीत?”

बघितला सगळ्यांनीच होता. मालकाच्या माणसाला सांगितलंही होतं. पण कोर्टात साक्ष द्यायची म्हटल्यावर दारं लागली. चाळ पाडून होणाऱ्या नव्या इमारतीच्या यादीतून मालकाने नाव उडवलं तर? बाई घरोघर गेल्या. चहा घ्यायच्या आणि आधी धोकाच सांगायच्या, “त्रास होईल. भीती वाटत असेल तर येऊ नका.”

मी चडफडले. “बाई, अशाने कोण येणार?”

“काकूंची काळजी मालकाने घ्यायची होती. या साक्षीदारांची कोणी घ्यायची गं?”

एकच तयार झाली. नळावर काकूंशी रोज भांडणारी मालतीमावशी. “भांडकुदळ आसा ती,” मावशी म्हणाली, “पण कठडो कुजलेलोच होतो.”

साक्षीच्या तारखेआधी बाई गेल्या. हृदयविकाराचा झटका. मला वाटलं, आता मावशी कसली येतेय! ती आली, ठेवणीतली साडी नेसून. पुढे काकूंना भरपाई मिळाली ती तिच्याच साक्षीवर.

मालकाच्या वकिलाने तिला दरडावलं होतं, “तुम्हाला कोणी पढवून आणलंय?”

“माका कोणी आणूक नाय,” मावशी म्हणाली. “बाईंनी सांगितलेला, भ्याव वाटला तर येव नको. म्हणानच इलंय.”