पोचल्याचा फोन

ट्रक सुटताना अण्णा त्याच्या मागच्या फाळक्यावर तळहातानं दोनदा थाप मारायचे आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणायचे, “सुटली म्हंजी पोचली न्हवं.” मग रस्त्याच्या मधोमध उभे राहून, मागच्या ट्रॅक्टरवाल्याच्या शिव्या खात, गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचे.

द्राक्षांच्या हंगामात तुम्ही कधी तासगावात आला असाल तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पांढरी टोपी, खिशात दोन पेनं, कानाला मोबाईल आणि भोवती दहा माणसं ओरडत असताना चेहऱ्यावर काही नाही. माझं खोक्यांचं दुकान आहे. समोरच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अण्णा गाड्या सोडायचे. ड्रायव्हरची झोप झाली आहे का, टायर कसे आहेत, ब्रेक लागतो का, हे बघायचं आणि मग “सोडा” म्हणायचं. त्यांच्या तोंडून तो शब्द निघाल्याशिवाय गाडी हलत नसे.

गाडी गेली तरी अण्णांचं काम संपत नसे. खंबाटकीचा घाट उतरल्याचा एक फोन आणि माल उतरवला की पोचल्याचा दुसरा. हा दुसरा फोन येईपर्यंत अण्णा चहा घ्यायचे नाहीत. मी पुष्कळदा चिडवायचो, “अण्णा, तुमी चहा पिला म्हणून गाडी काय उलटती व्हय?” ते म्हणायचे, “आमचा बा मेंढरं कोंडल्याबिगर भाकरीला हात लावत नव्हता. एक मेंढरू मागं ऱ्हायलं तर समदं घर उपाशी. मी तर नुसता चहा सोडतोय.” पूर्वेच्या कोरड्या माळावरच्या धनगराच्या घरचा हा माणूस. कळप सुटून मालट्रक हाती आले, पण उपास तेवढा तसाच राहिला.

एका हंगामात मात्र या माणसानं भरलेली गाडी अडवली. ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक जरा हलका वाटतोय. अण्णा म्हणाले, मग गाडी जायची नाही. मालक आला, बागायतदार आला, दोघांनी मिळून अण्णांचा उद्धार केला. अण्णा चाकापुढं बसून राहिले. मेकॅनिकनं ब्रेक खोलून बघितला तर त्यात काहीच दोष निघाला नाही. तोवर उन्हानं माल मऊ पडला होता. मालकानं अण्णांना गाड्यांवरून काढलं आणि पेट्या मोजायला बसवलं. दोन हंगामांनी त्यांना परत गाड्यांवर घेतलं, पण तोवर गावातले लोक त्यांना बघून “ब्रेक हाय का?” म्हणून हसायचे. त्यांची बायको त्याच काळात आजारी पडली आणि गेली. त्या दिवसांबद्दल अण्णा कधी बोलले नाहीत. लेक वैशाली तेव्हा शाळेत होती. संध्याकाळी ती बापाचा डबा घेऊन यायची आणि पेट्यांवर बसून गणितं सोडवायची.

ती गणितं सोडवत सोडवतच सांगलीला गेली, तिथून पुण्याला आणि तिथून थेट परदेशात, अवकाशयानं बनवणाऱ्या एका कंपनीत. दर रविवारी तिचा फोन यायचा. अण्णा तो घ्यायला माझ्या दुकानात यायचे, कारण मला चार इंग्रजी शब्द जास्त येतात असा त्यांचा समज होता. ती थ्रस्टरवर काम करायची. म्हणजे यानाच्या अंगाला बसवलेली बारकी बारकी इंजिनं. ती थोडा थोडा धक्का देतात आणि यान हवं तसं वळतं, सरकतं, थांबतं. अण्णांनी ते लगेच आपल्या हिशोबानं लावून घेतलं. “म्हंजी गाडी धक्क्याला लावताना आमचा क्लीनर खाली उतरून ‘येऊ दे, येऊ दे, बास’ म्हणतोय, त्यातलंच की.” वैशाली खूप हसली होती. ऑफिसात मग ‘आण्णाची पोरगी आभाळात क्लीनर हाय’ असं महिनाभर चाललं.

वैशालीची इंजिनं बसवलेलं यान चार माणसं घेऊन अवकाशस्थानकाकडे सुटलं त्या दिवशी अण्णांनी पेढे वाटायला हवे होते. वाटले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “पोचू दे.” मला त्यात नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात आले. रस्ता गाड्यांनी भरलेला, ऑफिसातून त्यांच्या नावानं हाका चाललेल्या आणि हा माणूस काम टाकून माझ्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसला. “लाव ते,” म्हणाले. मी लावलं. काळ्या पडद्यावर लांबवर पांढरं अवकाशस्थानक दिसत होतं आणि यान हळूहळू त्याच्याकडे चाललं होतं. मी म्हणालो, “अण्णा, ह्या गाडीचा फाळका कसा वाजवायचा?” ते हसले नाहीत. खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले.

थोड्या वेळानं त्या थेट प्रक्षेपणात बोलणाऱ्या बाईनं सांगितलं की एक थ्रस्टर बंद पडला आहे. मग दुसरा. मग आणखी एक. आवाज असा शांत की भाजीचा भाव सांगावा. मी अण्णांना सांगत गेलो. यानाला जागच्या जागी थांबायला सांगितलं होतं. स्थानक इतकं जवळ आलं होतं की त्याच्या खिडक्या दिसत होत्या. पुढे जाताना तोल गेला तर यान स्थानकावर आदळणार आणि स्थानकातली माणसंही जाणार. मागं फिरायचं म्हटलं तर त्यालाही हीच इंजिनं लागणार.

“तिला म्हाईत हुतं,” अण्णा म्हणाले.

“कुणाला?”

“वैशूला. हितंच बसून बोललो मी तिच्याशी. तू सांगलीला गेलावतास तवा.”

मग त्यांनी पडद्यावरची नजर न काढता सगळं सांगितलं. इंजिनं तापली की आतलं एक बारकं सील फुगतं आणि इंधनाची वाट अडते, असं वैशालीला एका चाचणीत दिसलं होतं. एकदाच दिसलं, पुन्हा झालं नाही. सुटण्याआधी बैठकीत प्रत्येकाला विचारणार होते, सोडायचं का? तिच्या वरचे सगळे ‘हो’ म्हणणार होते. तिनं बापाला फोन केला. अण्णा, मला शंका हाय, काय म्हणू?

“आणि तुमी?”

“मी म्हनलं, समदी व्हय म्हणत्यात न्हवं? मग तूबी म्हण.” अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तिची नोकरी गेली तर त्या देशातनंच भाईर काढत्यात म्हनं. घर हाय, पोरं हायती. मला त्या पेट्या आठवल्या रं. लोकं हसायची त्ये आठवलं. जल्मभर पोरीला सांगितलं, शंका आली की गाडी सोडायची न्हाई. आन ज्या दिशी तिनं इचारलं त्याच दिशी मी सोड म्हनलो.”

त्या दुपारी मी देवाचं नाव घेतलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ओळख ना पाळख अशा चार माणसांसाठी आम्ही दोघं खोक्यांच्या ढिगात बसून होतो. गिऱ्हाईक आलं त्याला मी हातानंच परत पाठवलं.

यानातल्या माणसानं सुकाणू आपल्या हातात घेतलं होतं. जमिनीवरचे लोक बंद पडलेले थ्रस्टर एकेक करून परत चालू करून बघत होते. एक चालू झाला. मग दुसरा. “बंद करून चालू केलं व्हय?” अण्णांनी विचारलं. “आमचा जुना टेम्पो बी असाच चालू व्हायचा.” हे बोलताना त्यांचे डोळे भरले होते आणि तरी ते ऐकून मला हसू आलं. ते आजही आठवलं की माझा मलाच राग येतो. सगळे थ्रस्टर काही परत चालू झाले नाहीत, पण पुरेसे झाले. यान पुन्हा सरकू लागलं. अण्णांच्या ओठांतून पुटपुटणं ऐकू येत होतं, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे.” यान स्थानकाला जोडलं गेलं तेव्हा तिकडे सगळे टाळ्या वाजवत होते.

“पोचली की अण्णा. घ्या आता चहा.”

“ही निम्मी वाट झाली,” ते उठत म्हणाले. “परतीचं भाडं ऱ्हायलंय अजून.”

त्यांचं खरं ठरलं. त्या यानातून माणसं परत आणायला कुणी धजावेना. यान रिकामंच खाली आणलं आणि चौघं वर राहिले, दुसरं यान जाईल तेव्हा जाईल. महिन्यामागून महिने गेले. तिकडे चौकशी बसली. “मला शंका होती आणि तरी मी हो म्हणाले,” असं वैशालीनं तिथं सांगून टाकलं. रविवारचे फोन बंद झाले. कधीतरी यायचा, तोही दोन मिनिटांचा. “तुमी चुकला न्हाई अण्णा, व्हय म्हणणारं तोंड माझं हुतं,” एवढंच ती म्हणायची आणि ठेवून द्यायची.

अण्णांचा त्यावर इलाज ठरलेला होता. “तिच्या साहेबाला माझा नंबर दे म्हणावं. बापानं सांगितलं म्हणून केलं, आसं मी बोलतो.” मी समजावून थकलो. शेवटी त्यांनी मला इंग्रजी शिकवायला लावलं. दुकान उघडायच्या आधी येऊन ते खोक्यावर बसायचे आणि म्हणायचे, “मिस्टेक माय. डॉटर नो.” मी म्हणालो, “माय मिस्टेक म्हणा.” ते म्हणाले, “आधी मिस्टेक सांगू दे. मग कुणाची त्ये इचारतील.” त्या साहेबाचा फोन येईल म्हणून ते रोज इस्त्रीचा सदरा घालून येत. फोन येणार नव्हता हे मला माहीत होतं, आणि मला वाटतं, त्यांनाही माहीत होतं.

चहा त्यांनी तेव्हापासून सोडला तो सोडलाच. गावाला वाटलं साखर वाढली. डॉक्टरनं सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं आणि अण्णांनी मान डोलावली. मी एकदा हट्टानं ग्लास पुढं केला. “चार माणसं भाईर हायती गड्या,” ते म्हणाले आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. कामावर यायचे, पण गाड्या सोडेनासे झाले. ड्रायव्हर विचारायचा, “सोडू का अण्णा?” ते दुसऱ्याकडे बोट दाखवायचे. फाळक्यावर थाप मात्र मारायचे.

आषाढात एका सकाळी ते आले नाहीत म्हणून मी घरी गेलो. इस्त्रीचा सदरा अंगात होता, मोबाईल हातात होता आणि अण्णा खुर्चीत गेलेले होते.

वैशाली पोचली तोवर सगळं उरकलं होतं. दहाव्याला ती होती. बापासारखीच बसली होती, चेहऱ्यावर काही नाही. बायकांनी चहा दिला तो तिनं शेजारणीच्या हातात दिला. कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही. राहा चार दिवस, असं सगळे म्हणाले. ती म्हणाली, “माणसं वर हायत काका. मला हितं बसता यायचं न्हाई.” नोकरी अजून टिकली होती. दुसऱ्या यानाचं काम तिनं स्वतःहून मागून घेतलं होतं. या वेळी तिला दोनदा शंका आली, दोन्ही वेळा तिनं यान सुटू दिलं नाही आणि त्यासाठी भरपूर बोलणी खाल्ली, हे तिनं जाताना मला सांगितलं. अण्णांना सांगायचं राहून गेलं होतं.

हंगाम पुन्हा आला. एका दुपारी खोकी मोजत असताना तिचा फोन आला.

“काका, पोचली.” मग जरा थांबून, “चौघंबी. चालत भाईर आली.”

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. समोर एक गाडी भरून उभी होती आणि नवा पोरगा “सोडा” म्हणून ओरडत होता.

“अण्णांचा नंबर लावला हुता मी आधी,” ती म्हणाली. “हात तिकडंच गेला. मग तुमाला लावला.”

तिच्याकडून भांड्याचा आवाज येत होता. काय करतीयेस म्हणून मी विचारलं.

“चहा ठेवलाय काका,” ती म्हणाली. “लय दिसांनी ठेवलाय. दूध कवा घालायचं त्येबी आठवंना झालंय.”