दोनशे बारा फोन

व्हॉइस मेसेज ती कधी वेग वाढवून ऐकायची नाही. चार मिनिटांचा असला तर चार मिनिटं. उत्तर देताना आधी समोरच्याचं नाव घ्यायची. ग्रुपवर फोटो टाकला की खाली लिहायची, ‘हा पेरूचा फोटो आहे. अर्धा कापलेला. आतून गुलाबी.’ हसऱ्या तोंडांची चित्रं कधी पाठवायची नाही. चपला भिंतीला लावून ठेवायची, वाटेत नाही. आमच्या खोलीत अंध कुणी नव्हतं. तरी.

स्वप्नाली मूळची चाकूरची. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लातूरला एका क्लासचे कॉम्प्युटर सांभाळायची. मी नांदेडला मराठीत एम.ए. करून इथल्या एका शाळेत लागले आणि तिच्या खोलीत राहायला आले. दुसऱ्याच दिवशी मला ‘उच्चार’ कळलं.

‘उच्चार’ हे ॲप फोनवरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवतं. अंध माणसं त्या आवाजाच्या आधाराने फोन चालवतात. ते फुकट आहे. त्याचा कोड कुणालाही बघता येतो, सुधारता येतो. चौघे प्रोग्रामर तो लिहितात, आपापल्या गावी बसून, विनापगार. बाकी सगळं स्वप्नालीकडे होतं. सर्व्हर ती सांभाळायची. नवी आवृत्ती ती चढवायची. वापरणाऱ्यांच्या ग्रुपवरच्या तक्रारी ऐकून प्रोग्रामरना कळतील अशा लिहून द्यायची. नवं माणूस आलं की लांब वहीत त्याचं नाव, गाव, नंबर आणि फोनचं मॉडेल लिहायची.

‘यातून तुला मिळतं काय?’ मी एकदा विचारलं.

‘करपलेली भाजी,’ ती म्हणाली आणि गॅस बंद करायला उठली.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी आठला तिने नवी आवृत्ती चढवली. प्रोग्रामरनी तपासली होती. मात्र त्यांच्याकडचे फोन नवे होते. दहापर्यंत जुन्या फोनांवरचं ‘उच्चार’ गप्प झालं. तिच्या लक्षात आलं तशी तिने ग्रुपवर सूचना लिहिली. नीट, पायरी-पायरीने. ‘आवाज बंद झाला असेल तर घाबरू नका. पुढीलप्रमाणे करा.’ मीच शुद्धलेखन तपासून दिलं.

तासभर कुणाचंच उत्तर आलं नाही. तिला वाटलं, झालं वाटतं सगळ्यांचं.

मग माहूरच्या नरसिंगचा फोन आला. तो गडाच्या पायथ्याला नारळ विकतो. शेजारच्या दुकानदाराच्या फोनवरून बोलत होता.

‘ताई, तुम्ही काहीतरी लिहिलं म्हने.’

‘हो नरसिंगभाऊ, पायऱ्या दिल्यात सगळ्या.’

‘चांगलं केलं. पन वाचून कोन दाखवनार? वाचनाराच मुका झालाय की.’

स्वप्नालीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. सकाळी आम्ही दोघींनी त्या सूचनेतले ऱ्हस्व-दीर्घ पाहिले होते.

‘सकाळधरनं बायकोलाच टाइम इचारून राहिलो,’ नरसिंग सांगत होता. ‘ती म्हन्ते, आता कसे आलात लाइनीवर.’

स्वप्नाली हसली नाही. तिने वही काढली. जुन्या मॉडेलच्या नावांखाली रेघा मारल्या. दोनशे बारा निघाली.

संध्याकाळी दुरुस्त आवृत्ती आली. ती घ्यायला पडद्यावर तीन ठिकाणी बोट ठेवायचं होतं. कुठे, ते आवाजाशिवाय कळणार नव्हतं. त्यामुळे प्रत्येकाला फोन करायचा, जवळच्या डोळस माणसाला बोलवायला सांगायचं आणि त्याच्याकडून ते करून घ्यायचं. मी म्हटलं, निम्मे मला दे. ती म्हणाली, ‘ते तुझा आवाज ओळखत नाहीत.’

तिने क्लासमधून तीन दिवस रजा काढली. फोन झाला की नावापुढे बरोबरची खूण. उदगीरच्या बसम्मा आजी घरात एकट्या होत्या. ‘नात साडेपाचला येती. तवर बोलत बस की,’ म्हणाल्या. ही बसली. कुणी रागवायचं. बरेच जण आभार मानायचे, आणि ते झालं की ती थोडा वेळ फोन मांडीवर ठेवायची. मंगळवारी तिचा आवाज बसला. मी हळद-दूध दिलं. ते निवून गेलं.

बुधवारी दुपारी दोनशे अकरा खुणा झाल्या. देगलूरचे ईश्वरप्पा राहिले. फोन बंद येत होता.

‘उद्या बसने जाऊन येते,’ ती म्हणाली. ‘फोन चार्जिंगला लागलाय की नाही, तेही कळत नसेल त्यांना.’

तेवढ्यात प्रोग्रामरच्या गटावर मेसेज आला. रविवारीच तिने त्यांना लिहिलं होतं, पुढची आवृत्ती आधी दहा जुन्या फोनांवर तपासू, फोन मी गोळा करते. त्याखाली एकाने नुसतं होकाराच्या अंगठ्याचं चित्र टाकलं होतं. आता लिहिलं होतं, ‘पुढची आवृत्ती येत्या रविवारी. स्वप्नाली, घोषणा टाकशील ना?’

तिने ते दोनदा वाचलं. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने फोन पालथा ठेवला.

‘सृष्टी,’ ती म्हणाली, ‘मला आता ऐकवत नाही.’

मला वाटलं, कान दुखतोय.

गुरुवारी मी शाळेतून आले तेव्हा तिची बॅग नव्हती. सर्व्हरच्या सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, तिने चौघांना पाठवून दिल्या होत्या. सोबत एकच ओळ. ‘रविवारी चढवू नका.’ मी चाकूरला फोन केला. तिची आई म्हणाली, ‘झोपलीय गं. आल्यापासनं झोपलीय. काय झालंय तिला?’ एकही मेसेज अर्धा न सोडणारी मुलगी अशी उठून जाईल, हे मला अजून पटलेलं नाही.

चपला ठेवायची तिची जागा रिकामी आहे. माझ्याही मी आता भिंतीला लावून ठेवते.

वही टेबलावर आहे. शेवटच्या पानावर ईश्वरप्पा, देगलूर. पुढे चार वेळा ‘पुन्हा’ लिहिलंय. खूण नाही.