‘व्हय म्हाराजा’वर न भुलणारे नाबर सर

नाबर सरांची नि माझी पहिली भेट मालवणच्या आमच्या शाळेत झाली. मी नवखा शिक्षक, ते विज्ञानाचे ज्येष्ठ. माझा नमस्कार पुरा होण्याआधीच त्यांनी माझ्या हाती स्लाइड प्रोजेक्टर दिला आणि म्हणाले, "जपून धरा, यात अणुवीज आहे."

देशाला अणुवीज हवीच, हे सरांचे ठाम मत. ते लोकांना पटवायचे त्यांनी मनावर घेतले होते. पहिले व्याख्यान कुडाळला झाले, अगदी पुस्तकी भाषेत, आणि अर्धी सभा पेंगली. दुसऱ्या कुणी श्रोत्यांना नावे ठेवली असती. सरांनी व्याख्यानच मोडून नव्याने बांधले. ‘केंद्रकीय विखंडन’ गेले, चूल आली. लाकूड जाळा की अणू फोडा, पाणी उकळायचे आणि वाफेने चाक फिरवायचे! घरी त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी "समजलं" म्हणेपर्यंत सरांचे एकही वाक्य पक्के होत नसे.

मग तोंडवलीच्या देवळात सभा भरली. सर मालवणीत बोलू लागले आणि रंगात येता येता त्यांच्या बोलण्याला गाऱ्हाण्याची लय आली. देवापुढे गाऱ्हाणे घालताना प्रत्येक मागणीला जमलेले लोक साथ देतात, तशी सभाही देऊ लागली. घराघरात वीज येवंदे! व्हय म्हाराजा! मंडप दणाणला, माझ्या अंगावर काटा आला. अणूचा कचरा नीट सांभाळतील, असे सर म्हणाले. त्यालाही व्हय म्हाराजा!

सर थबकले. मला प्रोजेक्टर बंद करायला सांगून म्हणाले, "ह्यो होकार माका नको. तो सवयीचो आसा. शंका विचारा."

जिंकलेली सभा सर हातची घालवताहेत, असे मला वाटले. तेवढ्यात मागून एका मासेविक्रेत्या बाईंनी विचारले, "प्रकल्पाचा तापलेला पाणी दर्यात सोडल्यार आमचो मासो खंय जातलो?"

"माका ठावक नाय," सर म्हणाले. "शोधून येतंय."

आणि आले की! जाणकारांना पत्रे लिहून, वाचून, त्याच मंडपात पुन्हा उभे राहिले. मासळीला कुठे अपाय होऊ शकतो, हेही त्यांनी लपवले नाही. काहींना पटले, काहींना नाही. त्या बाई उठता उठता म्हणाल्या, "माका पटाक नाय. पण मास्तरानू, तुमी खोटा बोलाक नाय." त्या दिवशी सर इतके खूश होते की परतीच्या वाटेवर माझ्या खांद्यावरचा प्रोजेक्टर त्यांनीच उचलला.

आता सरांची साठी. बा देवा म्हाराजा, आमच्या सरांका निरोगी, उदंड आयुष्य दी. सर, आपण कितीही बजावलेत तरी या एका गाऱ्हाण्याला आम्ही शंका काढणार नाही. व्हय म्हाराजा!