मशीन झाल्याचा निरोप

दुपारी फोनवर संदेश आला, 'वॉशिंग मशीन थांबले.' आजचा तिसरा.

आई मिरजेला एकटी राहते. मागच्या गॅलरीतल्या मशीनची शिट्टी तिला ऐकू येत नाही, म्हणून दिवाळीत मी तिथे स्मार्ट प्लग बसवून आले. मशीन थांबलं की मला इथे पुण्यात कळतं आणि मी फोन करून सांगते, "आई, मशीन झालं, कपडे वाळत घाल." त्या निमित्ताने रोज बोलणं व्हायचं. मला माझ्या हुशारीचं कौतुकही होतं.

आज तिसऱ्यांदा फोन केला.

"आई, काय धुवायला टाकलं होतंस?"

"कालची दोन पातळं आणि टॉवेल. आत्ताच तर लावलं."

सकाळी नऊलाही तिने हेच सांगितलं होतं, शब्दही तेच. बाराला पुन्हा तेच.

प्लगला फक्त वीज थांबलेली कळते. बाकी काही कळायची त्याची लायकी नाही. तरी महिन्यातून एकदा तिच्यासमोर बसून, तिच्या हातचं जेवून मला जे दिसलं नाही, ते त्या दीडदमडीच्या वस्तूने सांगितलं. आईच्या आत काय थांबत चाललंय, कधीपासून, याचा निरोप मला कुणी दिला नव्हता.

"मशीन झालंय, आई."

"बरं झालं सांगितलंस. तू आहेस म्हणून कळतं गं मला."

तासाभराने चौथा संदेश आला. तेच उत्तर पुन्हा ऐकायची हिंमत होईना, मी फोन केला नाही.