क्लेमात मिळालेलं घर

मोतीलालजी मनानं वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही त्यांना राक्षस म्हणाल आणि मोकळे व्हाल. वर्ध्यात कापडाचं दुकान, पिपरी मेघेत आमच्या भिंतीला भिंत लागून घर. फाळणीत ते सिंधमधल्या शिकारपुरातून अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. धाकटी बहीण गाडीतच तापानं गेली. तिला कुठल्या स्टेशनावर उतरवलं, तेही त्यांना आठवत नसे. गेलेल्या घराच्या बदल्यात सरकारनं हे घर दिलं. त्याला ते 'क्लेम' म्हणत. आधी ते अत्तरवाल्या हबीबमियाँचं होतं. दंगलीच्या भीतीनं ते बायकापोरांसह निजामाच्या हैदराबादेला पळाले आणि घर सरकारजमा झालं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण असल्या गोष्टी कोणी चहाबरोबर काढत नाही.

त्र्याऐंशी साली मागची खोली त्यांनी नबीलला दिली. हा पॅलेस्टिनी पोरगा वर्ध्याला शिकायला आलेला, निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला. संध्याकाळी ओट्यावर तो मोडक्या हिंदीत आजोबांची गोष्ट सांगे. अठ्ठेचाळीस साली इस्रायल झालं, तेव्हा त्यांचं याफा शहरातलं घर सुटलं. सदुसष्टच्या लढाईनंतर वाट मोकळी झाली, तेव्हा म्हातारा ते बघायला गेला. दार एका ज्यू बाईनं उघडलं. पोलंडात तिचं सगळं कुटुंब मारलं गेलं होतं. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "मी आता कुठं जाऊ?" आत मात्र घेतलं नाही.

"तिचं तरी काय चुकलं?" मी म्हटलं. "तिलेई जागा पाह्यजेच ना."

मोतीलालजी डोळे पुसता पुसता माझ्यावरच भडकले. "जागा पाह्यजे, पण दुसऱ्याची काऊन, प्रमिलाबाई? म्हाताऱ्याले एक खोली देली असती, तं मेली असती काय ती बाई?"

नबीलनं त्यांचे पाय धरले. त्या दिवशी मला मोतीलालजी देवमाणूस वाटले.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांच्या दारात एक बाई आली. चाळिशीची, हातात पत्र्याची पेटी. हबीबमियाँची मुलगी रुकय्या. नवऱ्यानं टाकलेली, भावांनी हाकललेली. इतकी वर्षं हैदराबादेत काढून बोलत होती मात्र मोतीलालजींपेक्षा अस्सल वऱ्हाडी.

"घर तुमचंच राहू द्या, बाप्पा. मले मागची खोली किरायानं द्या. शिवणकाम करीन. माही नाळ अठीच न्हाणीपाशी पुरली हाये. दुसरीकडं कुठी जाऊ?"

जिथं नाळ पुरली ती जागा माणसाची, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. मोतीलालजींचा चेहरा पांढराफटक पडला. इथल्या सुइणीच्या सांगण्यावरून त्यांच्या थोरल्याची नाळही त्याच न्हाणीपाशी पुरली होती.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, हीच भीती त्यांना. ते आत गेले, खणायची लोखंडी सब्बल घेऊन आले आणि तिच्यापुढं टाकली. "तिथं माह्या पोराची नाळ हाये. तुही असंन तं उकर, अन् घेऊन जाय."

रुकय्या सब्बलीकडे बघत राहिली. "इतक्या वर्सानं काय राह्यते, बाप्पा? मातीच होते."

मला मोतीलालजींचं तोंड बघवेना. आवाज ऐकून नबील बाहेर आला, हातात पुस्तक. मोतीलालजींना वाटच सापडली. "खोली याची हाये. हा म्हणंन तं देतो," असं म्हणून ते बाजूला झाले.

तिनं नबीलपुढं हात जोडले. हा तरी बोलेल, अशी माझी खात्री होती. त्याची परीक्षा तोंडावर आली होती, आणि परदेशी पोराला दुसरी खोली सहज कोणी देत नव्हतं, हेही खरं.

"कमरा खाली नहीं है," तो म्हणाला.

रुकय्यानं पेटी उचलली. उंबऱ्याबाहेर जाऊन वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला आणखी लागलं.

"बेटा, तू कहाँ का है?"

"यहीं का," नबील म्हणाला, आणि त्यानंच दार लावलं.